कागदावर तारीख कोण टाकतं?



मागच्या बैठकीत कळंब तालुक्यातल्या आपल्या एका पोरीवरून मोठा वाद झाला. जे बैठकीला होते त्यांनी ऐकलाच. जे कोयता घेऊन कारखान्यावर गेले होते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोरगी पारधी पिढीवरची. नाव इथं घालत नाही, तिनंच नको म्हणलंय. तिला पुण्याच्या एका अभ्यास संस्थेत दोन वर्षांचं काम मिळालंय. गायरान आणि वनहक्काचे सरकारी निर्णय वाचायचे, नियमांचे मसुदे निघाले की त्यात कुठं आपल्या लोकांवर अन्याय होतोय ते लिहून शासनाला कळवायचं, असं काम. याला धोरणाचं काम म्हणतात. बैठकीत एका बाबानं विचारलं, "धोरण म्हंजी काय गं बाई? खायाचं का ल्यायाचं?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून हा लेख.

बैठकीत तिच्या जाण्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं तीन प्रकारचं होतं. एक, वय वाढलं, आता लगीन करायचं का पुन्हा नवीन काहीतरी सुरू करायचं? दोन, सहा-सात वर्षं ही कधी इथं कधी तिथं, एका कामाला धरून राहिली नाही, आता हे तरी टिकेल कशावरून? आणि तिसरं म्हणणं सगळ्यात खरं. एक म्हातारी आई उठून म्हणाली, "शिकलेली पोरं शहरात गेली की माघारी येत न्हाईत. आमच्यात कागुद वाचणारी ही एकच हाय. ही गेल्यावर आमचा दावा कोण वाचंल?"

माझं मत मी त्या दिवशी पुरतं मांडलं नाही. आता मांडते. पोरीला जाऊ द्या. पण मोकळं सोडू नका. दोन्हींची कारणं सांगते.

आधी बाबाच्या प्रश्नाचं उत्तर. धोरण म्हणजे काय? आपल्यासाठी धोरण म्हणजे कागदावर टाकलेली तारीख. आपल्यापैकी प्रत्येकाचं आयुष्य अशा तीन तारखांनी बांधून ठेवलंय.

पहिली तारीख ६ सप्टेंबर १९५०. जमातीचा दाखला काढायला जा, त्याची पडताळणी करायला जा, आजा-पणजा त्या तारखेच्या आधी महाराष्ट्रात कुठं राहत होता त्याचा कागद मागतात. आता सांगा, गुन्हेगार जमाती कायदा देशातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे ज्या साली आमच्या पणजाला सरकार जन्मानं गुन्हेगार समजत होतं, पोलिसाला बघून तो रानात पळत होता, त्या सालचा शाळेचा दाखला आणि जमिनीचा उतारा आज त्याच्या पणतीला मागतात.

दुसरी तारीख १४ एप्रिल १९९०. गायरानाची. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं अनुसूचित जाती-जमातीच्या आणि इतर भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायची ठरली, पण या तारखेच्या आधीची. बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस धरला, चांगलं केलं. पण एकाच बांधाला लागून दोन भाऊ. थोरल्यानं ८९ च्या पावसाळ्यात नांगर घातला, धाकट्यानं ९१ च्या. दोघांनी सारखेच दगड वेचले, सारखाच दंड भरला. थोरल्याचं नाव लागू शकतं, धाकटा आजही चोर. त्यात थोरल्याचंही नाव लागतं ते तलाठ्यानं त्या वर्षी गाव नमुना एक-ई मध्ये नोंद घेतली असेल तर.

तिसरी तारीख १३ डिसेंबर २००५. ही वनजमिनीची. आपल्या जिल्ह्यात जंगल थोडं, येडशीच्या रामलिंग घाटाकडं बघितलं तर डोळ्याला हिरवं दिसतं, बाकी माळ आणि खडक. तरी वनखात्याच्या हद्दीला लागून पोट भरणाऱ्या घरांना ही तारीख पाठ आहे.

ही तारीख आधी ही नव्हती. हे नीट ऐका, लेखाचं सार याच्यात आहे. २००५ साली वनहक्काचं विधेयक संसदेत आलं तेव्हा त्यात तारीख होती २५ ऑक्टोबर १९८०. वनसंवर्धन कायदा त्या दिवशी लागू झाला, म्हणून ती. ती तशीच राहिली असती तर ऐंशीनंतर जमीन कसायला लागलेलं एकही घर दाव्याला उभं राहू शकलं नसतं. मग विधेयक संयुक्त संसदीय समितीकडं गेलं. आदिवासींसाठी राखीव मतदारसंघातून निवडून आलेले आंध्रचे खासदार किशोरचंद्र देव तिचे अध्यक्ष होते. त्या समितीनं तारीख पंचवीस वर्षं पुढं आणायची शिफारस केली आणि २००६ च्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ आली. एक ओळ बदलली. त्या एका ओळीत देशातली किती चुली आल्या असतील, त्याचा विचार करा.

ती ओळ आपोआप बदलली नाही. २००२ साली केंद्राच्या वनमंत्रालयानं वनजमिनीवरची अतिक्रमणं काढायचा आदेश काढला, देशभर लोकांची पिकं आणि घरं मोडली गेली, तेव्हा गावोगावची माणसं रस्त्यावर आली. मोर्चे, धरणी, उपास, सगळं झालं. पण रस्त्यावरच्या माणसानं नुसतं ओरडून भागत नाही. "तारीख बदला" म्हणलं तर खोलीत बसलेला विचारतो, "कोणती करू? का करू? कायद्यात कुठं बसवू?" त्याचं उत्तर लिहून देणारी माणसंही त्या लढ्यात होती. रस्ता आणि खोली, दोन्हीकडं आपली माणसं होती म्हणून झालं.

दुसरं एक उदाहरण. वनहक्काच्या नियमात तेरावा नियम पुराव्यांचा आहे. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. त्या यादीत सरकारी कागदं तर आहेतच, पण गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही आहे. दावा करणारा सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसानं सांगायचं, की व्हय, मी बघितलंय, हा माणूस इतक्या वर्षांपासून हे रान कसतोय. ज्यांचे कागद तोंडात असतात, पेटीत नसतात, त्यांच्यासाठी ही ओळ आहे. ही ओळ घालणाऱ्याला आपल्यासारखी माणसं माहीत असली पाहिजेत.

आणि ही ओळ आपल्या वस्तीवर वाचली कोणी? त्याच पोरीनं. दोन वर्षांखाली सात घरांचे दावे "पुरावा नाही" म्हणून उपविभागीय समितीनं फेटाळले. आपण सगळे मान खाली घालून घरी आलो. ती म्हणाली, "मावशी, नाही म्हणायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडं जाता येतं." तिनं लेखी कारण मागून घेतलं. पाच म्हाताऱ्यांचे जबाब ओट्यावर बसून लिहिले, वाचून दाखवले, अंगठे घेतले. जिल्हा समितीकडं ते सातही दावे आज जिवंत आहेत. निकाल लागायचाय, पण मेलेले नाहीत.

आता सांगा, ही पोरगी "एका कामाला धरून राहिली नाही" ती का? तिची वाट मी जवळून बघितलीय. पहिली ते सातवी दर वर्षी दिवाळीनंतर आईबापामागं फडावर. दोन वर्षं तशीच बुडाली, दहावी झाली तेव्हा सतरा संपलेलं. बारावीनंतर जातीच्या दाखल्यासाठी वर्ष गेलं, ती वर सांगितलेली पहिली तारीख आडवी आली. मग बी.ए. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी बाप आजारी, एक हंगाम तिनं स्वतः कोयता धरला. डिग्री झाल्यावर पोलीस भरतीला पळाली, उंचीत गेली. स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न केले, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मग एका सर्वेक्षणात घरोघरी माहिती गोळा करायचं काम, सहा महिने. तिथं तिला कळलं की आपण भरलेल्या फॉर्मवरून कोणीतरी वर बसून योजना ठरवतं. ती मला म्हणाली, "मावशी, मी रकानं भरती. पण रकानं कोण पाडतं गं?" तिथून तिला हे वेड लागलं. परत आली, तीन वर्षं संघटनेच्या दाव्यांचं काम केलं, बिनपगारी, आणि बाहेरून एम.ए. केलं.

ह्यात कुठं धरसोड दिसते? मला तरी वाटेत आडवे घातलेले दगड दिसतात. सरळ रस्ता त्याला मिळतो ज्याच्या बापानं आधीच खडी टाकून ठेवलीय.

इथं माझीही चूक कबूल करते. ती दुसऱ्यांदा परीक्षेत हुकली तेव्हा तिच्या आईला मीच म्हणाले होते, "आता पुरं झालं, अंगणवाडी मदतनिसाची जागा निघालीय, फॉर्म भर म्हणावं." पोरगी काही बोलली नाही. फॉर्म भरला, पण जागा भलत्याच कोणाला गेली. आज वाटतं, ती जागा मिळाली नाही हे आपलं नशीब. मदतनिसाचं काम कमी नाही. पण तेव्हा मी तिच्या डोक्याकडं न बघता फक्त तिच्या वयाकडं बघितलं होतं.

वाकड्या वाटेचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर लावलेलं आहे. बाबासाहेब १९१३ च्या जानेवारीत बी.ए. होऊन बडोद्याला नोकरीला गेले, फेब्रुवारीत वडील वारले. मग महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिका. तिथून लंडन, पण शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परत. बडोद्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी होती पण राहायला खोली कोणी देईना, पारशांच्या वसतिगृहातूनही काढलं. मुंबईला येऊन शिकवण्या केल्या. १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, काही उसने घेतले, १९२० ला पुन्हा लंडन. १९२३ ला बॅरिस्टर होऊन आले. कायदेमंडळात गेले १९२७ ला. बी.ए.पासून तिथवर चौदा वर्षं. त्या चौदा वर्षांत कोणी शेजारी रमाईला म्हणाला नसेल का, की अजून किती शिकणार हा माणूस?

आणि कायदेमंडळात जाऊन त्यांनी हात कशाला घातला? जमिनीला. मार्च १९२८ मध्ये महार वतनाचं विधेयक मांडलं. पास झालं नाही, परत घ्यावं लागलं. १९३७ ला कोकणातली खोती मोडायचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन कौन्सिलवर गेले. आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तिला ते स्वतः आले. म्हणजे विधेयक मांडल्यावर तेरा वर्षांनी हा मोठा माणूस त्याच प्रश्नासाठी आपल्या मातीत येऊन लोकांपुढं उभा राहिला. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा मुंबईचा कायदा आला १९५८ ला, लागू झाला १९५९ ला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. धोरणाचं पीक असं तीस वर्षांनी येतं. पेरणाऱ्याला काढायला मिळेलच असं नाही.

आताचं उदाहरण आपल्या आदिवासींतलं सांगते. डॉ. राजेंद्र भारूड. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले. बाप जन्माआधी गेलेला, आईनं दारू विकून लेकरं वाढवली, हे त्यांनी स्वतः पुस्तकात लिहिलंय. नवोदय विद्यालयातून मुंबईला गेले, डॉक्टर झाले. लोक तिथंच म्हणाले असते, झालं, पोहोचला. पण त्यांनी वाट बदलली, स्पर्धा परीक्षा दिली, एकदा पास होऊन पुन्हा दिली आणि कलेक्टर झाले. नंदुरबारला होते. पुढं पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे आयुक्त झाले. आदिवासींच्या योजनांचा आणि हक्कांचा अभ्यास जिथं होतो, त्या खुर्चीवर महुवाच्या भट्टीजवळ वाढलेलं पोर बसलं. प्रत्येकाला कलेक्टर होता येत नाही, व्हायची गरजही नाही. पण वाट मध्येच बदलली म्हणजे माणूस वाया गेला, हे डोक्यातून काढून टाका.

सरकारलाही दोन शब्द सांगायचेत. मुख्यमंत्री फेलोशिप म्हणून एक योजना आहे, २०१५ पासूनची. तरुण पोरांना शासनात बसवून धोरणाचं काम शिकवतात. चांगली योजना आहे. पण अट काय? वय २१ ते २६, पदवीला पहिला वर्ग आणि वर एक वर्षाचा अनुभव. आमच्या पोरीची दोन वर्षं फडात गेली, एक दाखल्यात गेलं, एक बापाच्या आजारपणात. ती दाराशी पोहोचली तेव्हा सत्तावीस लागलेलं. पुन्हा एक तारीख आडवी! ज्या योजनेनं आमच्यातली पोरं खोलीत न्यायची, तिच्याच उंबऱ्यावर शहरातल्या सरळ रस्त्याचं माप लावलंय. अनुसूचित जमातीच्या मुलांना तिथं वयाची सूट पाहिजे, आणि संघटनेत, ग्रामसभेत केलेलं काम अनुभव म्हणून धरलं पाहिजे. ही मागणी आपल्या निवेदनात घालावी असं मी सुचवते.

आणि सगळं पुण्या-मुंबईलाच आहे असंही नाही. तुळजापूरला, आपल्याच जिल्ह्यात, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. ग्रामीण विकास, विकासाचं धोरण आणि नियोजन हेच तिथं शिकवतात. देशभरातली पोरं तिथं येऊन राहतात. आई भवानीच्या दर्शनाला आपण वर्षातून दोनदा तुळजापूरला जातो. पण त्या परिसराच्या फाटकातून आपल्या वस्त्यांवरची किती पोरं आत गेली? पुढच्या यात्रेला बारावीतली पोरं बरोबर घ्या आणि ते फाटक दाखवून आणा.

आता म्हातारीच्या प्रश्नाकडं येते. शिकलेली माघारी येत नाहीत, हे खोटं नाही. अशी चार नावं मीही सांगू शकते. पण दोष एकट्या पोरांचा आहे का? पोरगं शहरात गेलं की आपण दोनच गोष्टी विचारतो, पगार किती आणि घर कधी बांधतो. दाव्याचं काय झालं, नवीन नियमात काय आहे, हे कोणी विचारत नाही. ज्या विहिरीला कोणी पोहरा सोडत नाही, तिचं पाणी सडतं. दुसरं, ही एकटीच वाचणारी आहे हा तिचा गुन्हा नाही, आपला आहे. तीन वर्षांत आपण तिच्या हाताखाली दुसरी दोन पोरं तयार केली नाहीत.

म्हणून बैठकीपुढं चार गोष्टी ठेवते.

एक. पोरीनं जायच्या आधी महिनाभर वस्तीवरच्या दोन पोरांना एक-ई चा उतारा, सातबारावरचा पिकपेरा आणि दाव्याचा नमुना वाचायला शिकवावं. पोरं आपण निवडून द्यायची, त्यात एक मुलगी असावी.

दोन. तिनं दर तीन महिन्यांनी बैठकीला यावं. येण्याजाण्याचं भाडं संघटनेच्या पेटीतून. तिथं बसून काय लिहिलं, ते आपल्या भाषेत आपल्याला सांगावं. आपल्याला पटलं नाही तर तोंडावर सांगू. ती आपल्याला विचारून लिहील, आपण तिला विचारून भांडू.

तीन. दोन वर्षं तिच्या लग्नाचा विषय तिनं काढल्याशिवाय कोणी काढायचा नाही. नातेवाईकांना समजावायला मी स्वतः येते.

चार. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोराची नोंद आता बैठकीच्या वहीत करायची. कोण कितवीत, कुणाचा दाखला अडकला, कोण मध्येच सोडून आलं. सोडून आलेल्याला टोमणा मारायचा नाही, दाव्याच्या कामाला बसवायचं. वाट चुकलेलं लेकरू आणि वाट शोधणारं लेकरू लांबून सारखंच दिसतं. जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, धोरण खायाचं का ल्यायाचं. खायाचंच आहे. ज्या तुकड्यातली ज्वारी तुम्ही खाता, तो तुकडा एका तारखेवर टांगलेला आहे. ती तारीख आजवर आपल्याला न बघितलेल्या हातानं टाकली. पुढची तारीख पडेल तेव्हा त्या टेबलापाशी आपली एक पोरगी बसलेली असू द्या. तिला आपली नावं ठाऊक आहेत. थोरल्याचंही, धाकट्याचंही.

पुढच्या बैठकीत यावर हात वर करून निर्णय घेऊ. कारखान्यावर गेलेल्यांनी फोनवर तरी आपलं मत कळवावं. माझ्या विरोधातलं असलं तरी चालेल, पण गप्प बसू नका.

जिंदाबाद!